फणसाडच्या ओढ्याकाठी चौदा चिंध्या

प्रिय ईरा आणि निहार,

तुम्ही ऑस्ट्रेलियातल्या त्या वर्षावनातून फोन केलात, तेव्हा ईराने फोन उंच धरून मला झाडांचे शेंडे दाखवले आणि विचारलं, "आजी, तुमच्याकडे असं जंगल आहे का?" मी म्हटलं, आहे, किहीमहून दोन तासांवर. मग निहारने विचारलं, "तू किती वेळा गेलीस?" याचं उत्तर मी दिलं नाही, खोकल्याचं निमित्त केलं. खरी गोष्ट अशी, की मी बहात्तर वर्षांची आहे, त्यातली अठ्ठेचाळीस किहीममध्ये गेली, आणि फणसाडच्या जंगलात मी एकदाही पाऊल ठेवलेलं नव्हतं. मुरूडला जाताना डाव्या हाताला हिरवा डोंगर दिसतो, तेवढीच आमची ओळख.

त्यातच उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली. त्यानंतर बरेच महिने चढउतार बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून आत्ता गेले.

तुम्हाला इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. मी इंग्रजी शाळेत शिकले, तीस वर्षं अलिबागला इंग्रजी शिकवलं, किराण्याची यादीसुद्धा इंग्रजीत करते. तरी हे मराठीत लिहिते आहे. त्याचं कारण पुढे येईल. अडेल तिथे आईला विचारा.

बुधवार

आम्ही तिघं होतो. शालनआजीला तुम्ही ओळखता. पलीकडच्या घरातली, तुम्हाला तिखटमीठ लावून कैऱ्या देणारी. ती थळच्या पोस्टातून निवृत्त झाली आणि तेव्हापासून कुठेही निघायला तयार असते. गाडी अल्ताफची. तो चौलचा, माझा जुना विद्यार्थी. इंग्रजीत दोनदा नापास झाला होता, त्याबद्दल त्याने मला माफ केलं आहे, पण विसरू देत नाही.

मी आदल्या दिवशी सामानाची यादी केली होती: गुडघ्याचा पट्टा, पाणी, आंबोळ्या, वही, दोन पेनं, छोटी कात्री, आणि कचऱ्याची पिशवी. ही पिशवी माझ्याबरोबर सगळीकडे येते. किहीमच्या किनाऱ्यावर मी रोज सकाळी कचरा उचलते, काय कुठे सापडलं ते वहीत लिहिते, आणि महिन्याच्या शेवटी ती यादी ग्रामपंचायतीत देते. पंचायतीतले लोक ती आदराने घेतात आणि पंख्याने कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवतात.

सहाला निघालो. चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत अजून गारवा होता. रेवदंड्याला शालनने मिसळ मागवली. मी म्हटलं, आपल्याला जंगलात जायचं आहे, आंबोळ्या आणल्या आहेत. ती म्हणाली, "सुधा, आंबोळ्या परत घरी नेता येतात, मिसळ नाही." तिने तिखट तर्री दोनदा मागून घेतली. हे लक्षात ठेवा.

खाडीवरचा पूल ओलांडला, मग समुद्र सोडून डोंगराकडे वळलो. जंगलाच्या काठच्या गावात आमची वाटाड्या उभीच होती. तिचं नाव यमुना. पंचेचाळिशीची, काटक, पायात रबरी चपला, कमरेला कोयती. तिने आधी माझ्या चालण्याकडे पाहिलं, मग झाडाची एक काठी तोडून, सोलून माझ्या हातात दिली. नमस्कार त्यानंतर झाला.

तुम्ही पाहिलंत तसं हे जंगल नाही, हे आधीच सांगते. तुमच्याकडे वर्षभर पाऊस. आमच्याकडे चार महिने इतका पडतो की भिंतींना बुरशी येते, आणि मग आठ महिने थेंब नाही. त्यामुळे इथली झाडं दोन मतांची आहेत. काही पानं गाळून मोकळी होतात, काही हट्टाने हिरवी राहतात. उघड्या माळावरून चालताना उन्हाने डोकं तापतं, आणि ओढ्याच्या घळीत उतरलं की कुणी ओला हात कपाळावर ठेवावा तसं होतं. वर पाहिलं तर आभाळ नाणेफेकीच्या नाण्याएवढं.

तिथे गारंबीचा वेल आहे. वेल म्हणायला जीभ अडखळते, कारण तो निहारच्या मांडीएवढा जाड आहे आणि पीळ घेत घेत एका झाडावरून दुसऱ्यावर गेला आहे. त्याची शेंग माझ्या हाताएवढी लांब. बी चपटी, तपकिरी, गुळगुळीत, तळव्यात मावेल एवढी. शेकरू दिसलं, म्हणजे मोठी खार, शेपूट स्वतःपेक्षा लांब. शालनने ती शेपूट पाहिली, मी फक्त हललेली फांदी. पाणवठ्याला इथे गाण म्हणतात. गाणाच्या काठच्या चिखलात बिबट्याचं पाऊल उमटलं होतं. अल्ताफने त्याच्या शेजारी आपली चप्पल ठेवून फोटो काढला, आणि नंतर सबंध वेळ माझ्या मागे न चालता पुढे चालला.

मला सगळ्यात अवघड गेलं ते वाळक्या पानांचं. आमच्या वाडीत पान पडलं की झाडलं जातं. इथे घोट्यापर्यंत पानं. माझे हात शिवशिवत होते. यमुनाला ते कळलं असावं. ती म्हणाली, झाडून काढलं तर खाली ओल कशी राहील. मग मी पानांना हात लावला नाही. पण वेफरची पाकिटं होती, बाटल्या होत्या, सहलीला आलेल्यांनी फेकलेले कागदी ग्लास होते. ते उचलत गेले. यमुना माझ्याकडे बघून हसली आणि दोन बाटल्या तिनेही आणून दिल्या. मला फार बरं वाटलं. शाबासकी मला अजून आवडते.

साडेअकराच्या सुमारास शालनच्या मिसळीने आपलं म्हणणं मांडलं. तिला गावाकडे घाईने जाणं भाग होतं. यमुना तिला घेऊन पुढे निघाली आणि मला सांगून गेली, "आजी, ही ओढ्याकाठची वाट सरळ फाट्यावर जाते. चुकायची न्हाय. सावकाश या."

अल्ताफ आणि मी सावकाश निघालो. माझा गुडघा एव्हाना बोलायला लागला होता, त्यामुळे थोडं चालायचं की बसायचं. बसले की मी वही काढायची. आणि अशीच बसले असताना मला पहिली चिंधी दिसली. गुडघाभर उंचीच्या एका रोपट्याला हिरव्या कापडाची पट्टी बांधलेली. पुढे आणखी एक. मग ओढ्याच्या पलीकडे तीन. कापड जुनं, विटलेलं, पण काठ अजून लाल.

अल्ताफ म्हणाला, "बाई, हे कुणी मुद्दाम बांधल्यासारखं वाटतंय."

मी म्हटलं, सहलीचे लोक वाटेल ते बांधतात. किहीमला सुरूच्या झाडांना फुगे बांधतात, तेही मुद्दामच बांधलेले असतात.

त्याने नुसती मान डोलावली. वर्गात मी असं उत्तर दिलं की तो अशीच मान डोलवायचा. गाठी घट्ट होत्या, म्हणून मी कात्री काढली. वाकता येत नव्हतं तिथल्या चिंध्या त्याने कापून आणल्या. सहा ठिकाणी बसले, आणि प्रत्येक ठिकाणी नेहमीप्रमाणे नोंद केली: कुठे बसले, कोणत्या काठाला, किती. एकूण चौदा चिंध्या. फाट्यावर पोचले तेव्हा पिशवी भरलेली होती आणि मी स्वतःवर खूश होते.

जेवण यमुनाच्या घरी होतं. चुलीवरची तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, पांढरा कांदा आणि कडव्या वालाची आमटी. आपल्याकडे वाल मोड आणून, सोलून घेतात. तुमच्या आईने लहानपणी त्यावरून किती रडारड केली आहे. यमुना वाल सोलत नाही. सालासकट शिजवते, आणि चव आपल्या बिरड्यापेक्षा दमदार लागते. शालनने एव्हाना तब्येत सावरली होती. तिने भाकरी मागून घेतली.

हात धुतल्यावर मी अंगणात पिशवी उलटी केली. प्लास्टिक वेगळं, कागद वेगळा, कापड वेगळं. मी कापडाची घडी घालत होते.

यमुना तांब्या घेऊन बाहेर आली आणि थांबली. तिने एक चिंधी उचलली, लाल काठावरून अंगठा फिरवला. मग खाली बसून एकेक मोजली.

"आजी," ती म्हणाली, "हे माझ्या सासूचं लुगडं हाय."

मला वाटलं वाऱ्याने उडून गेलं असेल, आणि मी तसं म्हणालेही.

"तुमच्या गावात कचरा गाठ मारून ठेवतात का?"

ती मोठ्याने बोलली नाही. तिने जे सांगितलं ते मी क्रमाने लिहिते.

त्या ओढ्यावर एक जुना सीताअशोक होता. आसपासच्या जंगलात तिला माहीत असलेला तेवढाच एक. तिची सासू गावातल्या बाळंतिणींचं बघायची, आणि बायकांच्या दुखण्यावर त्याच झाडाची साल द्यायची. साल काढताना एका वर्षी एकाच बाजूची, तळहाताएवढीच, असा तिचा नियम. यमुनाला दुसरी मुलगी झाली तेव्हा रक्तस्राव थांबेना. रात्रभर गाडी मिळाली नाही. सासूने सालीचा काढा पाजला आणि सकाळी दवाखान्यात पोचेपर्यंत सून शुद्धीवर राहिली. डॉक्टर काय म्हणाले ते यमुनाला आठवत नाही. सासू रस्ताभर तिचं नाव घेत होती ते आठवतं.

मग मोठं चक्रीवादळ आलं. त्याच वादळात आपल्या वाडीतले बारा नारळ गेले, तुम्हाला फोटो पाठवले होते. सीताअशोक मुळासकट आडवा झाला. पण ते दिवस शेंगा पिकण्याचे होते. झाड शेंगांसकट पडलं आणि त्या पावसाळ्यात ओढ्याच्या दोन्ही काठांना रोपं उगवली. सासू त्याच वर्षी वारली. यमुना दरवर्षी ती रोपं मोजते. उरली होती चौदा.

उन्हाळ्याआधी वाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत आणि झुडपं कापून मोकळा पट्टा करतात, म्हणजे वणवा लागला तरी तो वाट ओलांडत नाही. त्याला जाळरेषा म्हणतात. हे काम झालंच पाहिजे. ते झालं नाही तर सगळं जंगलच जाईल. कापणाऱ्या बायका सपासप कापत जातात, कंबरभर गवतात कुठलं रोप कशाचं, हे बघायला कुणी थांबू शकत नाही. म्हणून यमुनाने वनरक्षकाशी बोलून ठेवलं होतं: चिंधी दिसली की कोयता वर, ते रोप सोडून पुढे जायचं. त्यानेही टोळीला तसं बजावलं होतं. आणि टोळी ओढ्याकाठी दुसऱ्याच दिवशी सकाळी येणार होती.

मी म्हटलं, माझ्याकडे सगळ्याची नोंद आहे. वही तिच्या हातात दिली. यमुना सातवीपर्यंत शिकलेली आहे, वर्तमानपत्र वाचते. तिने पान बघितलं आणि मला परत दिलं. सगळं इंग्रजीत होतं, तेही माझ्या तोडक्या खुणांमध्ये. अल्ताफने घेतलं, बराच वेळ बघितलं. म्हणाला, "बाई, तुमचा आर म्हणजे उजवीकडे की दगड?" मी उत्तर द्यायला गेले आणि मलाच थांबून आठवावं लागलं.

म्हणजे त्या जागा मलाच दाखवाव्या लागणार होत्या. लगेच निघायला उठले, तर गुडघा नारळासारखा सुजलेला. दोन पावलांत खाली बसले. यमुना एकटी जाऊन आली, अंधार पडायच्या आत तिला तीन रोपं सापडली. बाकीची गवतात; चिंध्यांशिवाय तिलाही ती दिसेनात.

आम्ही मुक्काम केला. यमुनाने गारंबीची बी सहाणेवर उगाळून माझ्या गुडघ्याला लेप लावला. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "हलवू नका, लेप पडंल."

गुरुवार

फटफटताना निघालो. एका बाजूला यमुनाने दिलेली काठी, दुसऱ्या बाजूला अल्ताफ. सूज थोडी उतरली होती. लेपाने की विश्रांतीने, ते मी सांगू शकत नाही. शालन चिंध्या घेऊन मागे.

मी पहिल्या दिवशी बसले होते त्या प्रत्येक जागी पुन्हा बसले. हाच एक मार्ग होता. बसलं की आठवतं: इथून डावीकडे हात केला होता, इथे अल्ताफ ओढ्यात उतरला होता. मी जागा सांगायची आणि यमुनाने गवत बाजूला करायचं. सीताअशोकाची ओळख तिने मला तेव्हा शिकवली. त्याची नवी पालवी तांबूस असते आणि ताठ उभी राहत नाही; ओला रुमाल दोरीवर टाकावा तशी खाली लोंबते. एकदा पाहिलं की विसरत नाही. आदल्या दिवशी मी चौदा वेळा पाहिलं होतं आणि मला फक्त कापड दिसलं होतं.

चौथ्या जागेवर अल्ताफ म्हणाला, इथे मी उतरलो नव्हतो, पुढच्या वळणावर उतरलो होतो. मी म्हटलं, वहीत हेच लिहिलं आहे. तो म्हणाला, "बाई, वहीत आहे, पण पाय माझे भिजले होते." या वेळी मी ऐकलं. रोप पुढच्या वळणावरच होतं.

तिथेच एक रोप सापडलं त्याला शेंडा नव्हता. कापलेला भाग सरळ, स्वच्छ. कोयतीने असा कापला जात नाही. माझी कात्री चिंधीबरोबर शेंडाही घेऊन गेली होती. यमुनाने पाहिलं, मी पाहिलं. तिने त्यालाही चिंधी बांधली.

नऊ रोपं झाली होती तेव्हा टोळी आली. सात-आठ बायका, डोक्याला फडकी, हातात कोयते. वाटेत काठी घेऊन बसलेली म्हातारी आणि तिच्यासमोर चिंध्या बांधणारी माणसं बघून त्या थांबल्या.

पुढची म्हणाली, "आजी, राखीपुनवेला अजून लई टाइम हाय."

दुसरी म्हणाली, "झाडाला भाऊ केलं असंल. नवऱ्यावानी भांडत न्हाय."

यमुनाने त्यांना झालेला प्रकार सांगितला. माझं नाव तिने घेतलं नाही. चिंध्या कुणीतरी काढल्या, एवढंच म्हणाली. मला ते बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली. मी म्हटलं, मी काढल्या. कचरा म्हणून.

कुणी हसलं नाही. पुढची बाई कोयता खाली घेत म्हणाली, "मग आता शोधा नीट. आम्ही फाट्याकडनं सुरू करतो, उलटं येतो. पन दुपारच्या आत इथं पोचू."

त्या गेल्या, आणि थोड्या वेळाने कोयत्यांचा आवाज सुरू झाला. अगदी एका लयीत, आणि दर वेळी जरा जवळून. त्या आवाजात आम्हाला आणखी तीन सापडली. शेवटचं शालनला. ती चष्मा विसरली होती आणि जवळजवळ त्याच्यावर बसली.

राहिली दोन. वहीत होती: सहावी जागा, आडव्या ओंडक्यापाशी, दोन. ओंडके तिथे तीन होते. आम्ही तिन्हींच्या भोवतीचं गवत हातांनी विंचरलं. बायका आल्या, त्यांनीही कोयते खाली ठेवून शोधलं. मग पुढची बाई यमुनाला म्हणाली, "बाय, आता कापू दे." यमुनाने मान हलवली. पट्टा कापून झाला तेव्हा त्या दोन रोपांचा पत्ता नव्हता. दोन चिंध्या उरल्या. त्या यमुनाने कमरेला खोचल्या.

दुपारी निघण्यापूर्वी मी तिच्या ओट्यावर बसून सगळ्या जागा नव्याने लिहिल्या. मराठीत, पूर्ण वाक्यांत, कुठलीही खूण न वापरता: कुठला दगड, कुठलं वळण, वाटेपासून किती पावलं. अल्ताफला वाचून दाखवायला सांगितलं. तो न अडखळता वाचत गेला, म्हणाला, "बाई, असा पेपर असता तर मी पास झालो असतो." यमुनाने वहीला भोक पाडून सुतळी ओवली आणि ती दाराजवळच्या खिळ्याला टांगली.

गाडीत बसताना तिने गारंबीची एक बी मला दिली. ऑपरेशननंतर गुडघ्याला उगाळून लावा म्हणाली. मग खिडकीशी वाकली.

"गुडघा नवा घेऊन परत या, आजी. पिशवी पन आना, बाटल्या लई पडतात. कात्री तेवढी घरी ठेवा."

परतीच्या वाटेवर रेवदंड्याला शालनने मिसळीच्या दुकानाकडे पाहिलंसुद्धा नाही. आम्ही गाडीतच कालच्या आंबोळ्या खाल्ल्या. जराशा आंबल्या होत्या, पण चांगल्या लागल्या.

होळीनंतर यमुनाचा फोन आला. तिच्या घरात रेंज नसते. गावाबाहेरच्या टेकाडावर चढून तिने फोन केला होता. वही घेऊन ती ओढ्यावर जाऊन आली होती. वणवा पलीकडच्या डोंगराला लागला, पट्ट्यापाशी येऊन थांबला. शेंडा कापलेल्या रोपाला बाजूने दोन पानं फुटली आहेत, तांबूस, खाली लोंबणारी. ती दोन रोपं सापडली नाहीत.

उजव्या काठाला सात आहेत आणि डाव्या काठाला पाच. फणसाडच्या त्या ओढ्यावर आज बारा सीताअशोक उभे आहेत.